पासवर्ड काय आहे रे?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण 'सबमिशन कधी आहे?' असं सांगतील. माझं मत जरा वेगळं आहे. तो मान 'पासवर्ड काय आहे रे?' या प्रश्नाचा. वाय-फायचा, लॅबमधल्या मशीनचा, प्रोजेक्टच्या अकाउंटचा... आणि गंमत म्हणजे या प्रश्नाला कधी नकार मिळत नाही. एक वेळ जर्नल उतरवायला देताना मित्र आढेवेढे घेईल, पण पासवर्ड मात्र अख्ख्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात सांगेल.

यात आपला तरी काय दोष म्हणा! डेटाबेसच्या प्रॅक्टिकलची सुरुवात कित्येक बॅचेसनी 'स्कॉट' आणि 'टायगर' या जोडीनेच केली आहे. यूजर स्कॉट, पासवर्ड टायगर. ब्रूस स्कॉट हा ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक, आणि टायगर हे त्याच्या घरच्या मांजराचं नाव. एका मांजराच्या नावावर जगभरच्या पोरांनी ईएमपी आणि डेप्ट ही टेबलं उघडली आणि जॉइन शिकून घेतले. शिकण्यापुरतं ते ठीकच होतं. त्या टेबलातल्या किंग आणि स्मिथचा पगार चारचौघांत उघडा पडला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण टेबलात खरी माणसं आली की मांजराचं नाव पुरत नाही.

हे नमनाला घडाभर तेल घालण्याचं कारण म्हणजे गेल्या सेमिस्टरला आम्हा चौघांवर आलेलं एक काम.

आपलं प्लेसमेंट पोर्टल विद्यार्थ्यांनीच बनवलेलं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. काही वर्षांपूर्वी एका बॅचने फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून ते केलं, आणि तेव्हापासून दरवर्षी तीन-चार जण ते पुढे चालवतात. त्यात आपल्या सगळ्यांचे मार्क, बॅकलॉग, रेझ्युमे, घरचा पत्ता, स्वतःचा आणि पालकांचा मोबाइल नंबर असं सगळं आहे. यंदा त्यात बरेच बदल करायचे होते. आतापर्यंतची पद्धत अशी, की जे काय करायचं ते थेट चालू सर्व्हरवर. म्हणजे चालत्या एस.टी.चं टायर बदलायचं, आणि तेसुद्धा आत प्रवासी बसलेले असताना. या वर्षी आमच्या सरांनी सांगितलं, "आधी एक टेस्ट कॉपी उभी करा. मग तिथे काय गोंधळ घालायचा तो घाला."

कॉपी करणं हा हल्ली काही पराक्रम राहिलेला नाही. पोर्टल दोन व्हर्च्युअल मशीनवर चालतं. एकावर वेबसाइट, दुसऱ्यावर मायएसक्यूएल डेटाबेस. दोन्ही निवडायची, 'क्लोन' म्हणायचं आणि कँटीनला जाऊन चहा पिऊन यायचं. परत आलो तर दोन्ही मशीनची जुळी भावंडं तयार! आता फक्त सुरू करायचं बाकी होतं. तेवढ्यात सरांनी विचारलं, "नेटवर्क जोडायच्या आधी एक सांगा. हे नवीन वेब मशीन सुरू झाल्यावर कुठल्या डेटाबेसशी बोलेल?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. उत्तर सोपं होतं आणि भयंकर होतं. वेब मशीनवर एक कॉन्फिग फाइल असते. तिच्यात डेटाबेसचा पत्ता, यूजरचं नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. मशीन जसंच्या तसं कॉपी केलं म्हणजे ती फाइलही जशीच्या तशी आली. त्या फाइलच्या दृष्टीने डेटाबेस एकच, तो म्हणजे जुना, खरा. शेजारी उभ्या केलेल्या नव्या डेटाबेसची तिला गंधवार्ताही नाही. म्हणजे आम्ही मशीन सुरू केलं असतं तर पोर्टल झकास उघडलं असतं, लॉगिन झालं असतं, सगळ्यांची नावं दिसली असती आणि आम्ही टाळ्या पिटल्या असत्या. मग 'टेस्ट आहे, उडवा सगळं' म्हणून एखादं टेबल रिकामं केलं असतं, तर ते खरं टेबल असतं.

सरांनी मशीनचं नेटवर्क बंद ठेवूनच काम सुरू करायला लावलं होतं. त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला.

तुम्हाला वाटेल, असं प्रत्यक्षात कुठे होतं! होतं. आणि नवशिक्यांकडेच होतं असंही नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये हे गिटहबकडे झालं. आपण सगळे ज्यावर प्रोजेक्टचा कोड ठेवतो, तेच गिटहब. टेस्ट चालवण्यासाठीचं वातावरण चुकीच्या कॉन्फिगरेशनमुळे खऱ्या डेटाबेसला जोडलं गेलं. टेस्ट सुरू होण्याआधी डेटाबेस पुसून टेबलं नव्याने बनवायची, ही अशा टेस्टची नेहमीची रीत. तिने ती इमानेइतबारे पाळली. खरा डेटाबेस पुसला गेला आणि रिकामा तयार झाला. पुढे बॅकअपवरून सगळं परत आणावं लागलं, आणि कंपनीने झाला प्रकार स्वतःच जाहीर केला.

यातला धडा काय? 'पत्ता नीट तपासा' हा एक झाला. पण माणूस कधी ना कधी पत्ता चुकतोच. रात्री दोन वाजता, डोळे चुरचुरत असताना, दोन सारख्या दिसणाऱ्या काळ्या खिडक्यांपैकी आपण कुठल्या खिडकीत आहोत हे कळत नाही. म्हणून दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. कॉपीचा पासवर्ड मूळ सर्व्हरवर चालताच कामा नये.

मी तोपर्यंत समजत होतो की पासवर्ड चोरासाठी असतो. कुणीतरी परका येईल, त्याला अडवायचं. या कामात पहिल्यांदा लक्षात आलं की पासवर्ड बऱ्याचदा आपल्यालाच अडवण्यासाठी असतो. समजा, हॉस्टेलच्या सगळ्या खोल्यांना एकच किल्ली लागते. झोपेत तुम्ही चुकून शेजारच्या खोलीत शिराल आणि त्याच्या कपाटातलं सामान बाहेर फेकाल. किल्ली वेगळी असेल तर फार तर कुलपाशी पाच मिनिटं झटापट कराल, शिव्या द्याल आणि जागे व्हाल. सर्व्हरचंही तसंच. पत्ता चुकला आणि पासवर्ड वेगळा असला, तर स्क्रीनवर 'ॲक्सेस डिनाइड' येतं. एरर नंबर १०४५. एरवी हा एरर बघितला की डोकं फिरतं. पण अशा वेळी तो चुकीच्या दारावरचा वॉचमन असतो.

(जाता जाता एक गोष्ट. या एररच्या शेवटी 'यूजिंग पासवर्ड: येस' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पासवर्ड बरोबर आहे असा नाही. आपण काहीतरी पासवर्ड पाठवला, एवढाच त्याचा अर्थ. यावरून आमच्या लॅबमध्ये अर्धा तास वाद झालेला मी पाहिला आहे.)

तर ठरलं. कॉपीवरचे सगळे पासवर्ड बदलायचे. पण 'सगळे' म्हणजे किती? आम्हाला वाटलं, कॉन्फिग फाइलमध्ये एक, झालं काम. सर म्हणाले, "कागद घ्या आणि यादी करा." आम्ही दोन दुपारी बसून मशीनचा कोपरान् कोपरा शोधला. यादी अकरा जागांवर गेली!

पहिली अर्थातच कॉन्फिग फाइल. दुसरी तिच्याच शेजारी, नावाला 'डॉट बॅक' जोडलेली जुनी प्रत. कुणीतरी कधीतरी 'असू दे' म्हणून ठेवलेली. रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये पासवर्ड सरळ कमांडच्या ओळीत लिहिलेला. एका सीनियरच्या होम फोल्डरमध्ये मायएसक्यूएलची सेटिंगची फाइल. टर्मिनलच्या हिस्ट्रीत तीनदा टाइप केलेला पासवर्ड. रीड-मी फाइलमध्ये 'नवीन मुलांसाठी सूचना' या मथळ्याखाली ठळकपणे. मेल पाठवण्याच्या अकाउंटचा पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये, आणि एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली तर चक्क डेटाबेसच्याच एका टेबलात. बॅकअप ठेवण्याच्या मशीनवर पासवर्डशिवाय शिरता यावं म्हणून बनवलेली एसएसएचची खासगी किल्ली. पोर्टलच्या ॲडमिनचं स्वतःचं लॉगिन. आणि अकरावी जागा म्हणजे गिटचा इतिहास. कुणीतरी शहाणपणाने पासवर्डची फाइल कोडमधून काढून टाकली होती, पण गिट काही विसरत नाही. आज फाइल काढली तरी कालच्या कमिटमध्ये ती असतेच.

ही अकरावी जागा साधी समजू नका. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या बाबतीत हल्लेखोरांना खासगी गिटहब रिपॉझिटरीत किल्ली सापडली. ती वापरून ते कंपनीने ॲमेझॉनच्या क्लाउडवर ठेवलेल्या माहितीपर्यंत पोचले, आणि सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यांच्या हाती लागली. जगाला हे कळलं नोव्हेंबर २०१७ मध्ये. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात त्या अशा.

यादी झाल्यावर बदलायला बसलो. इथे प्रत्येक डेटाबेसची तऱ्हा वेगळी, हेही तेव्हाच कळलं. मायएसक्यूएलमध्ये यूजर आणि त्यांच्या पासवर्डचे हॅश डेटाबेसच्याच आत, 'मायएसक्यूएल' नावाच्या सिस्टिम डेटाबेसमध्ये असतात. अख्खं मशीन क्लोन केलं की जुने यूजर आणि जुने पासवर्ड आपोआप आले. पोस्टग्रेमध्ये एकाच डेटाबेसचा डंप घेतला तर यूजर त्यात येत नाहीत, कारण ते सगळ्या डेटाबेसना मिळून सामाईक असतात. त्यांचा डंप वेगळा घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर आणखी मजा. एक डेटाबेस उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेला की आतले यूजर येतात, पण त्यांची सर्व्हरवरची लॉगिन मागेच राहतात. अशा यूजरना तिकडे 'ऑर्फन्ड' म्हणजे अनाथ म्हणतात. संगणकशास्त्रात एवढा करुण रस मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मायएसक्यूएलचा यूजर नुसत्या नावाने ओळखला जात नाही. नावापुढे 'ॲट' आणि तो कुठल्या मशीनवरून येणार याचा पत्ता असतो. आमच्या पोर्टलच्या यूजरपुढे टक्क्याची खूण होती. म्हणजे कुठूनही या, स्वागत आहे! आम्ही कॉपीवर ती खूण काढून फक्त नव्या वेब मशीनचा पत्ता घातला.

नवीन पासवर्डही डोक्याने बनवायचा नाही, असं ठरवलं. डोक्याने बनवलेल्या पासवर्डमध्ये आडनाव, क्रिकेटपटू नाहीतर पास होण्याचं वर्ष येतंच. ओपनएसएसएलला सांगितलं की चोवीस बाइट दे, त्याने अठ्ठेचाळीस अक्षरांचा हेक्स पासवर्ड दिला. हेक्सच का? कारण पासवर्डमध्ये डॉलर, हॅश, 'ॲट' अशी चिन्हं आली की तो कुठे ना कुठे अडखळतो. शेलमध्ये डॉलरचा अर्थ वेगळा, सेटिंगच्या फाइलमध्ये हॅशनंतरचा मजकूर टीप समजून सोडून दिला जाऊ शकतो, आणि कनेक्शनच्या पत्त्यात 'ॲट' आला की पासवर्ड कुठे संपला आणि मशीनचं नाव कुठे सुरू झालं हेच कळत नाही. अक्षरं थोडी जास्त झाली तरी चालतील, पण भांडण नको. पासवर्डची फाइल वेब फोल्डरच्या बाहेर ठेवली, एकाच यूजरला वाचता येईल अशी परवानगी दिली, आणि कोडमध्ये फक्त रिकाम्या जागांचा नमुना ठेवला.

काम झालं असं वाटलं. तेव्हा सरांनी उलटी परीक्षा घ्यायला लावली. म्हणाले, "कॉपी चालते हे दाखवू नका. कॉपीवरून खऱ्या डेटाबेसमध्ये शिरता येत नाही हे दाखवा." त्यांच्यासमोर नेटवर्क जोडलं आणि नव्या पासवर्डने खऱ्या डेटाबेसचं दार ठोठावलं. १०४५! छान. मग सर म्हणाले, "आता जुन्या पासवर्डने." ठोठावलं, आणि दार उघडलं.

उघडणारच होतं. कॉपीवरचं कुलूप बदललं तरी मूळ घराचं कुलूप जुनंच होतं, आणि त्याची किल्ली आम्ही नुकतीच अकरा ठिकाणी पडलेली पाहिली होती. सर्व्हरची कॉपी करणं म्हणजे नुसती माहितीची कॉपी नाही, ती गुपितांचीही कॉपी आहे. कॉपी काढली त्या क्षणी जुना पासवर्ड दोन मशीनवर गेला. त्याआधी तो किती बॅकअपमध्ये, किती जणांच्या लॅपटॉपवर आणि किती डोक्यांत गेला होता, त्याची गणतीच नव्हती. तेव्हा कॉपीचा बदलून भागणार नव्हतं. खऱ्याचाही बदलायला हवा होता, आणि तोही ऐन प्लेसमेंटच्या सीझनमध्ये, पोर्टल मिनिटभरही बंद न ठेवता.

मायएसक्यूएलमध्ये ८.०.१४ पासून याची छान सोय आहे. एकाच यूजरला काही काळ दोन पासवर्ड ठेवता येतात. नवा द्यायचा, 'जुनाही असू दे' असं सांगायचं, मग एकेक जागी नवा लिहीत जायचं, आणि सगळं झालं की जुना रद्द करायचा. घर शिफ्ट करताना दोन्ही घरांच्या किल्ल्या चार दिवस आपल्याकडे असतात ना, तसं.

जुना रद्द करायच्या आधी आम्ही आठवडाभर थांबलो आणि कोण कुठून कनेक्ट होतंय याची नोंद चालू ठेवली. सोमवारी सकाळी दहा वाजता एक अनोळखी पत्ता दिसला. पोटात गोळाच आला! शोधत शोधत पोचलो ते प्लेसमेंट ऑफिसमधल्या मॅडमच्या टेबलापर्यंत. त्यांच्या पीसीवर एक एक्सेल शीट होती. कुण्या सीनियरने वर्षांपूर्वी ती डेटाबेसला जोडून दिली होती, आणि मॅडम दर सोमवारी त्यातून रिपोर्ट काढत. आमच्या यादीतली ही बारावी जागा. मॅडम म्हणाल्या, "अरे, ती शीट बंद करू नका हं, माझं सगळं त्यावर चालतं." बंद केली नाही. त्यांना फक्त वाचता येईल असा वेगळा यूजर करून दिला. तेव्हापासून पोर्टलचा यूजर वेगळा, बॅकअपचा वेगळा, रिपोर्टचा वेगळा. एकाची किल्ली हरवली तर एकच कुलूप बदलायचं.

खऱ्या सर्व्हरचा तो जुना पासवर्ड बदलताना मात्र, खरं सांगतो, थोडं वाईट वाटलं. तो पोर्टल बनवणाऱ्या बॅचने ठेवला होता. त्यात त्यांच्या वेळच्या मेसमधल्या एका भाजीचं नाव आणि त्यांचं पासिंगचं वर्ष होतं. दरवर्षी निरोपाच्या दिवशी तो पुढच्या बॅचच्या कानात सांगितला जायचा, मुंजीत मंत्र सांगतात तसा. रद्द केल्यानंतर दोन दिवसांनी त्या बॅचच्या एका दादाचा फोन आला. नोकरीला लागून त्याला कितीतरी वर्षं झाली आहेत.

"अरे, पासवर्ड बदललात का?"

"हो दादा."

तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सहज बघत होतो चालतो का. बरं केलंत. आम्हीच बदलायला हवा होता जाताना."

माणूस सज्जन, त्याच्या मनात काही नव्हतं. पण इतक्या वर्षांनंतर, दुसऱ्या शहरात बसून, त्याला आपल्या बहिणींचे मोबाइल नंबर दिसू शकत होते. आणि तो पासवर्ड ठाऊक असलेला तो एकटाच नव्हता.

आता एका सकाळची गोष्ट सांगतो, म्हणजे एवढा उपद्व्याप कशासाठी ते पटेल. कॉपीवर काम सुरू होऊन दोन दिवस झाले होते. एका ज्युनियरने नवीन स्क्रीन तपासायला एक खोटी कंपनी टाकली आणि फायनल इयरच्या काही मुलांना 'सिलेक्टेड' अशी खूण केली. टेस्टच ती, त्यात गैर काहीच नाही. पण मशीन कॉपी करताना त्यावरचं वेळापत्रकही कॉपी झालं होतं. खऱ्या पोर्टलवर रोज सकाळी आठ वाजता एक क्रॉन जॉब उठतो आणि ज्यांचा निकाल लागला त्यांना अभिनंदनाचा मेल पाठवतो. त्याचं जुळं भावंडही आठ वाजता उठलं. लॉगमध्ये त्रेसष्ट ओळी होत्या. प्रत्येक ओळीत एक नाव आणि पुढे 'ऑथेंटिकेशन फेल्ड'. मेलच्या अकाउंटचा पासवर्ड आम्ही यादीप्रमाणे कॉपीवरून काढून टाकला होता, म्हणून एकही मेल गेला नाही.

त्या त्रेसष्टांत माझ्या रूममेटचं नाव होतं. तोपर्यंत तीन कंपन्यांच्या शेवटच्या फेरीतून तो परत आला होता. रोज सकाळी उठल्या उठल्या, चष्मा लावायच्या आधी, तो फोनवर मेल बघायचा. मी त्याला ही गोष्ट सांगितलेली नाही. हा लेख वाचून कळेल तेव्हा कळेल; आता त्याला नोकरी लागली आहे, त्यामुळे मार पडणार नाही अशी आशा आहे.

त्यानंतर आम्ही उरलेलं कामही उरकलं. कॉपीवरचे सगळे मोबाइल नंबर बदलून टाकले, सगळे ईमेल 'एक्झाम्पल डॉट कॉम' या नावावर नेले. हे नाव असल्या उदाहरणांसाठीच कायमचं राखून ठेवलेलं आहे, ते कुणा कंपनीला किंवा माणसाला मिळत नाही. विद्यार्थ्यांच्या लॉगिनचे हॅशही पुसले. टेस्ट सर्व्हरकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, त्यामुळे खरी माहिती तिथूनच आधी गळते. कुलूप कितीही भारी लावा, पण कपाटात दुसऱ्याचे दागिने ठेवायचेच कशाला?

हे वाचून कुणाला वाटेल की टेस्ट कॉपी ही मोठी धोक्याची वस्तू आहे, नकोच ती भानगड. तसं मात्र नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने रात्रीच्या कामात दुय्यम डेटाबेस समजून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर उडवला. सुमारे ३०० जीबीचा डेटा होता. थांबवेपर्यंत जवळजवळ सगळं गेलं. बॅकअप बघायला गेले तर रोजचा डंप कधीपासून बंद पडलेला. कारण काय, तर डंप घेणाऱ्या प्रोग्रॅमचं व्हर्जन डेटाबेसच्या व्हर्जनशी जुळत नव्हतं. मग वाचवलं कुणी? टेस्टसारख्याच 'स्टेजिंग' सर्व्हरवर घालण्यासाठी त्याच दिवशी, सहा तास आधी, एकाने हाताने घेतलेल्या कॉपीने! सहा तासांचा डेटा गेला, पण बाकीचा परत आला. तेव्हा कॉपी हवीच. फक्त ती मूळ घराच्या किल्ल्या खिशात घालून फिरणारी नको.

आता थोडं ज्युनियर्ससाठी. यादीचा तो कागद आम्ही टाइप करून ठेवला आहे. त्यात एकही पासवर्ड नाही, फक्त पासवर्ड कुठे कुठे असतो त्या बारा जागा आहेत आणि कॉपी करताना काय करायचं त्याचा क्रम आहे. आधी नेटवर्क तोडा. पत्ता बदला. बाराही जागा बदला. क्रॉन बंद करा. खऱ्या माणसांची माहिती पुसा. मग नेटवर्क जोडा, आणि उलटी परीक्षा घ्या. तेरावी जागा सापडली तर कागदावर लिहा. सापडेल, याची मला खात्री आहे.

आणि आणखी एक. मे महिन्यात आमची परीक्षा संपेल आणि आम्ही चौघं जाऊ. त्या दिवशी आम्ही कुणाच्या कानात काही सांगणार नाही. तुम्हीच बसा, ओपनएसएसएलला नवे पासवर्ड मागा, आमची लॉगिन काढून टाका आणि आमच्यादेखत आमचा जुना पासवर्ड घालून बघा. १०४५ आला की आम्ही सुटलो आणि तुम्ही जबाबदार झालात. पुढे कधी आमच्यापैकी कुणाचा फोन आला आणि त्याने गप्पांच्या ओघात विचारलं, "काय रे, हल्ली पासवर्ड काय आहे?" तर घरची, कॉलेजची, मेसच्या भाजीची सगळी खबरबात सांगा. पासवर्ड तेवढा सांगू नका.